बेमानाचा शब्द

बेमान हा शब्द उकंडाने पहिल्यांदा ऐकला तो एका बैलाबद्दल.

तेव्हा तो अंगानं लहानच होता. बापाच्या मागे मागे मालकाच्या गोठ्यात शेण काढायला जायचा. आताचा मालक मारोतराव तेव्हा पाळण्यात होता आणि घरचा सारा कारभार त्याच्या बापाच्या हातात होता. गोठ्यात एक बांडा बैल होता. अंगानं भरलेला, शिंगानं डौलदार, कडब्याच्या पेंढीवर सगळ्यांच्या आधी तुटून पडणारा. पण मानेवर जू आलं की त्याचे पुढचे गुडघे मोडायचे आणि भर तासात, चालू नांगराच्या ओळीत, तो बसकण मारायचा. शेपूट पिरगाळली तरी उठायचा नाही. मोठे मालक कपाळावर हात मारून घ्यायचे.

"बेमान हाय साला! खाते माह्यं आन बसते माह्याच वावरात."

पुढे उकंडाने तो शब्द पुष्कळ ठिकाणी ऐकला. चोराच्या हातची भाकर खाऊन गप्प बसणारं कुत्रं बेमान. ऐन चैतात तळ दाखवणारी विहीर बेमान. फुलावर येऊन शेंग न धरणारी तूर बेमान. साल पुरं व्हायच्या आत पळून जाणारा सालदार तर बेमानांचा राजा. ज्याचं खायचं त्याचं काम करायचं नाही, असा त्या शब्दाचा अर्थ उकंडाच्या मनात बसून गेला होता. खोटं बोलणारा, फसवणारा, असाही त्याचा अर्थ आहे हे त्याला बरीच वर्षं ठाऊक नव्हतं. गावात खोटं बोलून जमीन वाढवणाऱ्याला कोणी बेमान म्हणत नसे. त्याला हुशार म्हणत.

आणि एक गोष्ट त्याच्या फार उशिरा ध्यानात आली. तो शब्द पाण्यासारखा होता, नेहमी वरून खाली यायचा. सालदाराने मालकाला बेमान म्हटलेलं त्याने उभ्या जन्मात ऐकलं नव्हतं.

छप्पन सालच्या दसऱ्याला वस्तीतली माणसं नागपूरला गेली. उकंडा आणि त्याची बायको रुखमाबाईही गेली. येताना दीक्षा घेऊन आली. दोन महिने झाले नाहीत तर बाबासाहेब गेल्याची बातमी आली आणि वस्तीत तीन दिवस चूल पेटली नाही. त्यानंतर सगळे एकत्र बसले आणि ठरलं, की मेलेलं ढोर आता ओढायचं नाही, मयताचा निरोप घेऊन गावोगाव पळायचं नाही, आणि भाकर मागायला कोणाच्या दारात उभं राहायचं नाही.

संक्रांतीच्या सुमाराला मारोतरावाचा तांबडा बैल मेला. त्याने सांगावा धाडला. उकंडाचा मुलगा भीमराज वस्तीच्या तोंडाशीच उभा होता. त्याने तिथूनच सांगितलं, "आमी ते काम सोडलं म्हना." बैल गोठ्यात फुगला. घरात जेवण जाईना. शेवटी मारोतरावाने आणि त्याच्या दोन पोरांनी नाकाला धोतराचा सोगा बांधून, बैलाच्या पायाला दोर लावून, गावाच्या देखत तो नाल्यापर्यंत ओढत नेला. अर्ध्या वाटेत धाकटा पोरगा ओकला.

त्या दिवसापासून वस्ती बेमान झाली, आणि त्यातल्या त्यात उकंडा. कारण पिढ्यान्पिढ्या गावकीची काठी, म्हणजे ढोरं ओढण्यापासून हद्दी दाखवण्यापर्यंतची कामं, त्याच्या घरात होती. गावाने वस्तीला काम देणं बंद केलं. एका वच्छलाबाईने तेवढं केलं नाही. ती मारोतरावाच्या चुलत भावाची बायको. नवरा वारून दीड वर्ष झालं होतं. "मले पऱ्हाटी वेचाले मानसं लागतात. कोनाचा देव कोनता ते घेऊन मी काय करू?" असं ती म्हणाली, आणि वस्तीतल्या बाया निंदणाला, कापूस वेचायला तिच्याच वावरात जाऊ लागल्या.

असं दुसरं वर्ष सरत आलं. अठ्ठावन्नचा उन्हाळा होता. आदल्या पावसाळ्यात नाल्याला मोठा पूर आला होता आणि वच्छलाबाई नि मारोतराव यांच्या वावरांमधला धुरा खालच्या अंगाला वाहून गेला होता. धुरा म्हणजे दोन वावरांच्या मधली मातीची वरंब. तीच हद्द. ती गेली तशी मारोतरावाने यंदा वखर घातला तो चांगला पाच-सहा हात पुढे नेला. वच्छलाबाई आडवी आली. मोजणीसाठी यवतमाळला अर्ज करावा तर माणूस यायला साल उलटणार, आणि मृग तोंडावर आलेला. गावकरी म्हणाले, जुन्या रीतीनं मिटवा.

जुनी रीत उकंडापाशी होती.

गावचा पाटील नानाजी एका संध्याकाळी वस्तीच्या तोंडाशी कडुलिंबाखाली येऊन थांबला. वस्तीत पाय टाकायचा नाही ही त्याची सवय.

"उकंडा, हायेस का रे घरी?"

"हाव. बसा." उकंडा बाहेर आला. जोहार म्हणाला नाही. ते म्हणणं सोडून दोन वर्षं होत आली, तरी त्या मोकळ्या जागेशी नानाजी अजून थोडा अडखळायचा.

"उद्या सकाळी नाल्याच्या वावरात येजो. बाई म्हंते, पुराचा फायदा घेऊन दीर विधवेची जमीन गिळून राह्यला. मारोतराव म्हंते, आपलं तेवढं आपन घेतलं. धुरा कुठं होता ते तुह्याशिवाय कोनाले ठाव नाई. तुह्या बापानं घातला तो."

"बेमानाले काहून बोलावता पाटील?"

नानाजीने टोपी काढली आणि डोक्यावरचा घाम पुसला. "तू बी ना! जाते एखादा शब्द मानसाच्या तोंडातून. मनावर नको घेऊ."

"मनावर नाई घेत. इचारून राह्यलो."

"येजो मंग," नानाजी म्हणाला आणि वळला.

उकंडा आत येऊन भिंतीला टेकला. त्याचे गुडघे आता बसताना एकदा आणि उठताना दोनदा कुरकुरायचे. आयुष्यभर दुसऱ्यांच्या मरणाच्या बातम्या घेऊन तो इतका चालला होता की आता त्याला फक्त बसून राहावंसं वाटे. कोणी काही विचारू नये, कोणी कुठं पाठवू नये.

भीमराज ओसरीवर आला. "बरं झालं बा. आता त्या मारोतरावाले दाखव. बाईच्या बाजूनं सांग आन मोकळा होय."

उकंडाने काठी भिंतीला लावून ठेवली.

"काहून गप हायेस?"

"धुरा बाईच्या बाजूनं नव्हता," उकंडा म्हणाला.

रुखमाबाई चुलीपुढे भाकर थापत होती. तिचा हात थांबला.

"बाईचा मालक दरसाल आपल्या बाजूनं धुरा कोरत जाय आन पल्याड माती लावत जाय. एका साली नांगराचं एक तास. इतका कमी का पाहनाऱ्याले दिसू नये. मी पटवाऱ्याच्या पुढं दरसाल त्या धुऱ्यावरून चालो, मले दिसे. पुरानं नेला तो सरकलेला धुरा. मारोतराव जिथवर वखर घेऊन आला, माह्या बापानं घातलेला धुरा तिथंच होता."

"तवा काहून नाई बोलला?"

"तवा मले कोन इचारे? बोललो असतो त पाठीवर काठी बसली असती."

भीमराज उठून उभा राहिला. "बा, आयक. हा मानूस आपल्याले चारचौघात बेमान म्हंते. गावाले भडकवून त्यानं आपलं काम तोडलं. आन ही एक बाई, तिच्या वावरात माह्या आईनं दोन साल निंदन केलं म्हनून या घरात चूल पेटली. तू उद्या तिची जमीन काढून त्याले देशीन?"

"मी कोनाचं काढून कोनाले देऊन नाई राह्यलो. धुरा होता तिथं होता."

"मंग जाऊच नोको. दुखनं आलं म्हन."

"तेबी खोटंच हाय ना लेका."

भीमराजने भिंतीवर हात आपटला आणि बाहेर गेला. बऱ्याच वेळाने रुखमाबाईने भाकर ताटात टाकली आणि ते त्याच्यापुढे सरकवलं.

"तुले काय वाटते?" उकंडाने विचारलं.

"मले काय वाटाचं? तुमी जे करान त्यानं शिव्याच भेटनार हायेत. खरं बोलून शिव्या खाल्ल्या त रातच्याले झोप तरी येते." मग थोडं थांबून ती म्हणाली, "पन ते तुमाले बेलभंडार उचलाले लावतीन. तवा काय करान?"

तेच त्याच्याही मनात होतं.

सकाळी तो वावरात पोचला तेव्हा माणसं जमली होती. धुऱ्याच्या वरच्या टोकाला एक जुना पळस होता, त्याखाली नानाजी घोंगडी टाकून बसला होता. मारोतराव पोरांना घेऊन आला होता. वच्छलाबाई डोक्यावरचा पदर दातात धरून बाभळीच्या विरळ सावलीत उभी होती. उकंडाला पाहिल्यावर तिच्या चेहऱ्यावरचा ताण जरा उतरला. आपला माणूस आला, असं तिला वाटलं असावं. उकंडाने नजर खाली घेतली.

नानाजीपुढे पितळेची ताटली होती. तिच्यात बेलाची पानं, हळदीचा भंडार आणि शेजारी काळ्या मातीचं एक ढेकूळ. उकंडाला त्या ताटलीची सगळी रीत पाठ होती. बेलभंडार उचलायचा, देवीचं नाव घ्यायचं, ढेकूळ डोक्यावर ठेवायचं आणि एक अक्षर न बोलता हद्दीवरून चालायचं. पाय खोटा पडला तर देवी वंश बुडवते. त्याच्या बापाने हे केलं होतं. त्याने स्वतःही केलं होतं. ताटली पाहिल्यावर त्याचे हात आपोआप पुढे व्हायला निघाले, तेव्हा त्याने ते पाठीमागे बांधले.

"घे बावा," नानाजी म्हणाला. "ऊन चढाच्या आत होऊन जाऊ दे."

"हे मले जमत नाई पाटील. मी चालून दाखवतो, धुरा कुठं होता ते सांगतो. पन बेलभंडार नाई उचलत. ते देव आमी सोडले."

मारोतराव टाळी वाजवून हसला. "पाह्यलं? म्या कालच म्हटलं होतं नानाजी! चोराच्या मनात चांदनं. याले बाईच्या बाजूनं खोटं सांगाचं हाय, म्हनून बेलभंडार नोको वाटते. तिची भाकर खाऊन राह्यला ना तो!"

"मारोतराव, तोंड सांभाळा," वच्छलाबाई म्हणाली.

"काहून सांभाळू वहिनी? पोसलेला मानूस आनला तुमी. आयका सारे. बेलभंडार उचलल्याबिगर त्यानं जे सांगतलं ते माह्यासाठी कुत्र्याचं भुंकनं. बेमानाच्या शब्दावर मी एक ढेकूळ सोडनार नाई."

माणसं कुजबुजली. नानाजीने उकंडाकडे पाहिलं. त्याच्या नजरेत राग नव्हता, कंटाळा होता. "उकंडा, एका डावाची तं गोष्ट हाय. उचल आन ठेवून दे. मनात मान नाईतर नोको मानू."

उकंडाला क्षणभर ते बरं वाटलं. देवीची भीती सगळी गेली होती असंही नाही. साठ वर्षं अंगात मुरलेली भीती एका दसऱ्याला निघून जात नाही. पण नागपूरच्या त्या मैदानात उन्हात उभं राहून, लाखो माणसांच्या आवाजात आवाज मिसळून त्याने जे म्हटलं होतं, ते त्याने पहिल्यांदाच कोणी हुकूम न करता म्हटलं होतं. तेवढं एक त्याचं स्वतःचं होतं.

"मनात न मानता उचलला, त तोच बेमानपना झाला पाटील," तो म्हणाला. "तुमी म्हंता तसं उचललं, त मी या ताटलीशी बी खोटा आन तिकडं बी खोटा. मंग धुऱ्याचं मी खरं सांगीन हे तुमी कायच्या भरवशावर मानान?"

नानाजी ताटलीकडे पाहू लागला.

"आमी रोज सकायी उठून म्हंतो, का खोटं बोलनार नाई. तुमचा बेलभंडार धुरा वाह्यला का निघते. माह्यं रोजचं हाय. आता सांगा, चालू का घरी जाऊ?"

लांब उभ्या असलेल्या भीमराजने मान वर केली. नानाजीने ताटली जरा बाजूला सरकवली. "चाल," तो म्हणाला. "आयकून त घेऊ."

उकंडाने पायातल्या वहाणा काढल्या. माती अजून तापायची होती. पळसाच्या बुंध्याला हात लावून तो निघाला. वर धुऱ्याचा पुरातून वाचलेला भाग कुठे कुठे उभा होता. लोकांना वाटलं तो त्यावरूनच चालेल. पण चार पावलं गेल्यावर तो वच्छलाबाईच्या बाजूला वळला, मारोतरावाने यंदा जिथवर वखर घातला होता तिकडे. तिथे कुंद्याच्या गवताच्या मुळ्या वखरून उलट्या पडल्या होत्या. धुऱ्यावरचं गवत ते. जमीन कितीही वखरली तरी त्याची मुळी जागा सोडत नाही. उकंडा तिच्या कडेकडेने चालत राहिला. मागे न पाहता, काठी टेकत, नाल्यापर्यंत. तिथे ढोरं धुवायचा सपाट काळा खडक होता. खडकावर काठी ठेवून तो वळला.

"पयसापासून या खडकापर्यंत. माह्या बापानं धुरा घातला तो हा. मारोतरावानं जिथवर वखर नेला तिथवर त्याचंच हाय."

मागे कोणीतरी "आं?" म्हणालं. मारोतरावाचं तोंड उघडंच राहिलं. खोटी साक्ष कशी पाडायची याची तयारी करून आलेला माणूस तो, खरी साक्ष आपल्याच पदरात पडल्यावर तिचं काय करायचं ते त्याला सुचेना.

वच्छलाबाई बाभळीखालून पुढे आली. दातातला पदर सुटला होता.

"उकंडा, काय म्हटलं तू?"

"धुरा इथं होता बाई."

"माह्ये मालक पंधरा साल ते वावर वाहत होते. तुह्या डोयापुढं! दोन साल म्या तुह्या बायकोले काम देलं, साऱ्या गावाच्या शिव्या खाल्ल्या." तिचा आवाज फाटला. "बेमान! खरंच म्हंतात लोक. बेमान जात तुमची."

उकंडाने ते ऐकलं. मारोतरावाच्या तोंडून तो शब्द ऐकून ऐकून बोथट झाला होता. हा मात्र नवा लागला. त्याने काठी उचलली आणि वहाणा होत्या तिकडे परत चालू लागला.

"थांब," नानाजी म्हणाला. मग मारोतरावाकडे वळला. "सांग बावा. तुले मान्य हाय काय? बेलभंडार नाई उचलला त्यानं."

सगळे मारोतरावाकडे पाहू लागले. त्याच्या मोठ्या पोराने बापाला कोपराने ढोसलं.

"मान्य हाय," मारोतराव म्हणाला.

"मघा तू म्हटलं, कुत्र्याचं भुंकनं."

"म्हटलं असन."

"बेमानाच्या शब्दावर ढेकूळ बी सोडनार नाई म्हटलं."

"आता सोडून कुठं राह्यला? घेऊनच राह्यला ना," गर्दीतला कोणीतरी म्हणाला आणि चार-दोन माणसं हसली. मारोतराव चिडला. मान खाजवत, शब्द चाचपत तो शेवटी म्हणाला, "तसं नाई नानाजी. मानूस बेमान झाला, ते त झालाच. पन खोटं बोलत नाई तो."

माणसांनी गंभीरपणे माना डोलावल्या. यात काही वावगं आहे असं कोणालाच वाटलं नाही. नानाजी गुडघ्यावर हात टेकून उठला, ताटलीतला भंडार त्याने पळसाच्या बुंध्याशी ओतला आणि पंचायत उठली.

घरी आल्यावर उकंडाने रुखमाबाईला ते जसंच्या तसं सांगितलं. "बेमान हाय, पन खोटं बोलत नाई." रुखमाबाई आधी नुसती पाहत राहिली. मग तिला हसू फुटलं. हातातलं सूप खाली ठेवून ती इतकी हसली की डोळ्यांतून पाणी आलं, आणि ते पाणी मग कितीतरी वेळ थांबेना.

"मंग बेमान म्हंजे काय वो?" डोळे पुसत ती म्हणाली.

"मेलेला बैल जो ओढत नाई तो," उकंडा म्हणाला आणि खाटेवर आडवा झाला.

पुढचे दिवस वाईट गेले. वच्छलाबाईने सांगावा धाडला, बायांनी कामाला येऊ नये. ती शेजारच्या गावातून माणसं आणणार होती. वस्तीतली माणसं उकंडाच्या दारावरून जाताना बोलायची थांबत. एक म्हातारी तर उभी राहून म्हणाली, "आबा, तुमचं खरं तुमच्यापाशी, पन आमच्या पोटाचं काय?" भीमराज रोज उजाडायच्या आत काम शोधायला आर्णीकडे जायचा आणि आला की मुकाट्याने जेवायचा. बापाशी एक शब्द नाही.

उकंडा दिवसभर ओसरीवर बसून राही. आपण चुकलो असं त्याला वाटत नव्हतं. पण बरोबर केलं म्हणून छाती फुगावी असंही काही वाटत नव्हतं. नुसता थकवा होता. खरं बोलण्यालाही अंगात बळ लागतं, आणि ते सगळं त्या पळसापासून खडकापर्यंतच्या चालीत खर्च झालं होतं.

एका संध्याकाळी, दिवे लागायच्या जरा आधी, वच्छलाबाई वस्तीत आली. एकटी. पोरं खेळायची थांबली. बाया दारात आल्या. कडुलिंबापाशी न थांबता ती सरळ उकंडाच्या ओसरीपाशी आली.

रुखमाबाईने घाईघाईने पोतं अंथरलं. बाई आधी उभीच राहिली, मग बसली. उन्हातून आल्यामुळे तिचे ओठ सुकले होते. पाणी कोणी विचारलं नाही, कोणी मागितलं नाही. तेवढं अजून व्हायचं होतं.

"एक इचाराले आलो," ती म्हणाली. "पंचात तू सांगतलं, धुरा कुठं होता. मंग तो सरकला कसा, ते नाई सांगतलं."

"ते मले कोनी इचारलं नाई."

"मी इचारून राह्यलो. कोनं सरकवला?"

उकंडाने रुखमाबाईकडे पाहिलं. ती जमिनीकडे पाहत होती. गेलेला माणूस, त्याची ही बायको, आणि आपल्या एका शब्दाने तिच्या घरात आज रात्री काय होईल ते त्याला दिसत होतं. उत्तर लांबवायला म्हणून तो म्हणाला, "बाई, पुरान्या गोष्टी हायेत त्या."

"बेलभंडार आनू?"

"नाई. तुमी इचारलं, पुरे झालं." त्याने घसा खाकरला. "तुमच्या मालकानं. दरसाल एक तास. मी पाहो. तेबी मले पाहताना पाहत. आमी दोघंबी बोललो नाई."

बाईने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं आणि सोडलं.

"मले थोडं थोडं ठाव होतं," शेवटी ती हळूच म्हणाली. "मरताना ते म्हनत होते, धुऱ्याचं पाहजो, धुऱ्याचं पाहजो. मले वाटे, मारोतराव खाईन म्हनून म्हंतात." ती थांबली. "मंग बेमान कोन होता रे उकंडा? माह्याच घरात होता का?"

"तो शब्द माह्यापाशी नाई बाई. मले तो नेहमी दुसऱ्यानं देलेला हाय. म्या अजून कोनाले देला नाई, आन मेलेल्या मानसाले त कायले देऊ?"

बाई उठली. पोत्याची धूळ तिने लुगड्यावरून झटकली नाही. चार पावलं गेल्यावर ती वळली.

"रुखमे, उद्या बाया घेऊन येजो. धुरा घालाचा हाय नवीन."

"कुठं?" रुखमाबाईने विचारलं.

"याईनं दाखवला तिथं." मग उकंडाकडे न पाहता ती म्हणाली, "तूबी येजो. दोरीचं टोक धराले कोनी पाहिजे."

"बेमानानं धरलेली दोरी चालते काय?"

"आता गप बस म्हाताऱ्या," ती म्हणाली. त्या दिवशी वावरात म्हटलेलं तिने परत घेतलं नाही. ती निघून गेली.

जेवताना भीमराजने खूप दिवसांनी तोंड उघडलं. "बा, मीबी येतो. तुह्यानं दगड उचलले जानार नाईत." एवढंच. उकंडा हं म्हणाला.

दुसऱ्या दिवशी पळसापासून काळ्या खडकापर्यंत दोरी ताणली गेली. बाया टोपल्यांनी माती टाकत होत्या, भीमराज नाल्यातून दगड आणून कडेला रचत होता. धुरा इकडचा तिकडे होऊ नये म्हणून मारोतराव सकाळपासून येऊन बसला होता.

"ए बेमान," तो पळसाखालून ओरडला, "दोरी ढिली पडली, दोरी! तान जरा."

भीमराज हातातला दगड घेऊन तसाच थांबला. वच्छलाबाईने डोक्यावरची टोपली उतरवली आणि दोरीच्या रेषेत वाकून पाहिलं.

"बरोबर हाय," ती म्हणाली. "त्यानं धरली तशीच राहू द्या."

भीमराजने दगड खाली ठेवला. ऊन चढलं होतं. खडकावर बसावं असं उकंडाला फार वाटत होतं, पण हातातलं टोक अजून कोणी खुंटीला बांधलं नव्हतं. तो दोरी धरून उभा राहिला.